हराळीचा पेरा

उस्मान मुन्शींना इंग्रजी लिहिता येत होतं, कळत नव्हतं. यात लाजण्यासारखं काही नव्हतं. मंगरूळपीरच्या तहसील कचेरीत ते नकलनवीस होते, आणि नकलनवीसाला मजकूर कळायला लागला की नकला चुकायला लागतात, असं त्यांचं ठाम मत होतं. मक्षिकास्थाने मक्षिका हे बाकीच्यांनी नुसतं ऐकलेलं असतं. मुन्शींनी ती खरोखर काढली होती, पायांसकट. बावीस वर्षांत त्यांच्या हातून एक काना जास्त पडला नव्हता की एक वेलांटी कमी झाली नव्हती. तहसीलदारसाहेब म्हणायचे, "अकोल्याच्या साहेबाला आपला मजकूर पटत नाही, पण मुन्शींचं अक्षर पाहून तो सही करून टाकतो."

अशा माणसानं सन चौतीसच्या उन्हाळ्यात स्वतःच्या अंगणात हराळी लावायची ठरवली, तेव्हा अख्ख्या गावानं तोंडात बोट घातलं.

हराळी म्हणजे काय ते वऱ्हाडातल्या माणसाला सांगावं लागत नाही. इतरांसाठी सांगतो. जमिनीलगत पसरणारं, कांड्याकांड्यावर मूळ धरणारं ते गवत. काळ्या वावरात एकदा घुसलं की कपाशीला जगू देत नाही. तिच्या मुळ्यांना काशा म्हणतात. आजोबा काशा वेचतात, बाप वेचतो, मग मुलगा वेचायला लागतो, आणि काशा तिथंच असतात. वऱ्हाडी जिभेवर 'ळ' टिकत नाही, म्हणून इथली माणसं तिला 'हरायी' म्हणतात. पण नाव अर्धं बदललं म्हणून ती काही अर्धी होत नाही. तर असली ही बया. घराला आग लावून घेणारा माणूस गावानं पाहिला होता, हराळी लावून घेणारा पाहिला नव्हता.

याला कारण होती सुगराबी, मुन्शींची बायको.

सुगराबी चिखलदऱ्याची. तिचे वडील तिथं एका गोऱ्या साहेबाच्या बंगल्यावर माळी होते. वर डोंगरावर धुकं, बुरबुर पाऊस, भर वैशाखात अंगावर शाल. तिथून ही मुलगी निकाह होऊन मंगरूळला आली. इथं एप्रिल-मेमध्ये जमीन अशी फाटते की पोरांचा चेंडू भेगेत गेला तर दसऱ्यालाच भेटतो. सोळा वर्षं झाली, सुगराबीनं उन्हाविषयी ब्र काढला नव्हता. मुन्शींनी या सोळा वर्षांत तिला अजमेरला नेण्याचा शब्द दिला होता, चांदीच्या तोड्यांचा दिला होता आणि घराला एक खोली वाढवण्याचा दिला होता. तिनं एकाचीही आठवण करून दिली नव्हती. भांडणारी बायको परवडते, हे मुन्शींना फार उशिरा कळलं.

त्या फाल्गुनात तिचे वडील वारले. त्यांची एक पत्र्याची पेटी आली. तिच्यात एक कैची, साहेबाचा जुना कोट आणि लाल पुठ्ठ्याचं एक इंग्रजी पुस्तक, एवढंच होतं. सुगराबी अंथरुणाला खिळली. एकवीस दिवसांचा मुदतीचा ताप. ताप उतरला त्या सकाळी ती भिंतीकडे पाहत हळूच म्हणाली, "एकदा तरी वल्या गवतावर पाय ठेवून पाहावं वाट्टे."

सोळा वर्षांत तिनं मागितलेली ही पहिली वस्तू होती, आणि ती कोणत्याही दुकानात मिळत नव्हती. ते तिथल्या तिथं म्हणाले, "गनपती बसाच्या आत तुले याच अंगनात गवतावर चालवतो. माहा शब्द हाये."

दुर्दैवानं शेजारचा इस्माईल हजाम त्याच वेळी मुन्शींची दाढी करत होता. हजामासमोर दिलेला शब्द आणि गावात पिटलेली दवंडी यांत फरक इतकाच, की दवंडीला ढोल लागतो. दुपारपर्यंत गावाला कळलं होतं.

लाल पुस्तक मोहनसिंग मास्तरांकडे गेलं. मास्तरांना इंग्रजी कळत होतं, पण अक्षर असं की कोंबडीनं पाय ओढलेले. त्यामुळे मुन्शी त्यांच्या शाळेचे अहवाल लिहून देत आणि मास्तर मुन्शींना वाचून दाखवत. एकाच पूर्ण शिकलेल्या माणसाचे ते दोन भाग होते. मास्तरांनी चष्मा लावून पुठ्ठा वाचला. पावसाळी व थंड मुलुखातल्या नवशिक्यांसाठी अंगणाची सोपी निगा, असा त्याचा अर्थ निघाला.

"मुन्शीजी, पयल्याच पानावर लिवलं हाये का, तुमच्याकडे पाऊस बाराई महिने येतच राह्यते, म्हनून पान्याची फिकर करू नका."

"बाराई महिने?"

"असं लिवलं हाये."

बाहेर वैशाखाचं ऊन भाजत होतं. कुत्री रांजणाखालच्या ओलीवर पोट टेकून पडली होती. मुन्शींनी पुस्तकाच्या त्या पानाला हात लावला आणि मग तो डोळ्यांना लावला. "सुभानल्ला. काय मुलूख असन!"

"थंडीबी बाराई महिने. फक्त जुलै महिन्यात अंगरखा काढून काम केलं तं चालते म्हने."



पुस्तकातलं पहिलं काम असं होतं : अंगणात साचलेलं शेवाळ आधी दाताळ्यानं खरवडून काढा. मास्तर म्हणाले, "हे सोडून द्या. आपल्या इथी शेवाय कुठी हाये?" पण मुन्शी बावीस वर्षांचे नकलनवीस. कलम लागू नाही म्हणून गाळलं, असं त्यांनी कधी केलं नव्हतं. शेवाळ काढा असं लिहिलंय, तर ते काढलंच पाहिजे. आणि काढायचं तर आधी असलं पाहिजे. ते मागच्या विहिरीवर गेले, दोन बादल्या शेवाळ आणलं आणि अंगणात सारख्या अंतरावर नीट पसरलं. मग दाताळं आणायला घरात गेले. परत येईपर्यंत शेवाळाचे पापड झाले होते, आणि वाऱ्याची एक वावटळ येऊन ते सगळे इस्माईलच्या गिऱ्हाइकाच्या साबण लावलेल्या तोंडावर बसले होते.

"मुन्शीजी," भिंतीपलीकडून इस्माईल ओरडला, "हे काय करून राह्यले तुमी?"

"शेवाय काढून राह्यलो."

"मंग टाकलं कायले होतं?"

मुन्शींनी पुस्तकाच्या समासात पेन्सिलीनं 'पूर्ण' असं लिहिलं.

मग गवत. पुस्तकात बी पेरायला सांगितलं होतं, आणि कुठल्या कुठल्या गवतांची सात नावं दिली होती. ती मास्तरांनाही उच्चारता आली नाहीत. जमिनीलगत पसरतं, कापलं तरी वाढतं, पायाखाली मऊ लागतं, असं वर्णन खाली होतं. मास्तर वाचता वाचता थांबले. चष्म्यावरून मुन्शींकडे पाहू लागले.

"मुन्शीजी, हे तं हरायीचं वर्नन हाये."

दुसऱ्या दिवशी मुन्शी शेलूबाजारच्या वाटेवर सोमलाच्या वावरात जाऊन उभे राहिले. सोमला तांड्यावरचा कास्तकार. गेली वीस वर्षं तो हराळीशी लढत होता आणि हरत होता. मुन्शी म्हणाले, "सोमला, तुह्या वावरातली हरायी मले पायजे."

सोमलानं आधी मागे वळून पाहिलं, दुसऱ्या कोणाला बोलले का म्हणून. मग विचारलं, "चुलीत जायाले?"

"लावाले."

सोमला मटकन बांधावर बसला. मग त्याच्या डोळ्यांत असं काही चमकलं की मुन्शी दोन पावलं मागं सरले. संध्याकाळपर्यंत मुन्शींच्या दारात काशांनी भरलेल्या दोन बैलबंड्या येऊन उभ्या राहिल्या, आणि वर एक लोटा तूप. असं गिऱ्हाईक पुन्हा भेटणार नाही हे सोमलाला समजलं होतं.

मृगाचं पाणी झाल्यावर मुन्शींनी त्या काशा ओळीनं लावल्या. ओळी अशा सरळ की कचेरीतल्या शिपायानं येऊन सलाम केला. सुगराबीची मिरच्या आणि सांडगे वाळवायची जागा गेली. तिनं ते निमूटपणे माळवदावर नेले. शेजारच्यांनी येऊन सल्ले दिले. एक म्हणाला, गवतात साप येतील. दुसरा म्हणाला, सापांसाठी मुंगूस पाळा. तिसरा म्हणाला, मुंगूस कोंबड्या खाईल, म्हणून कोंबड्या विका. या हिशेबानं मुन्शी महिन्याभरात रस्त्यावर आले असते. त्यांनी सगळ्यांना चहा पाजला आणि पुस्तकाप्रमाणेच वागले.

आषाढात अंगण हिरवं झालं. खरं सांगायचं तर मुन्शी स्वतःच बघत राहिले. सकाळी कचेरीत जाताना ते दारात पाच मिनिटं नुसते उभे राहत. ज्या जमिनीतून सोळा वर्षं फक्त धूळ निघाली, तिच्यातून हे निघतं! नकलेत असं काही होत नाही. एका अक्षराचं एकच अक्षर होतं. इथं एका कांडीच्या वीस झाल्या होत्या.

पुस्तकाचा पुढचा हुकूम : दर आठवड्याला कापा, पण पात्याचा तिसरा हिस्साच. कापायचं यंत्र फक्त पुस्तकातल्या चित्रात होतं. मुन्शींनी इस्माईलला बोलावलं. इस्माईल मुन्शींच्या सासऱ्यांची कैची, आपला कंगवा आणि पाण्याची वाटी घेऊन उकिडवा बसला.

"कट कोन्ता ठेवू?"

मुन्शींनी चित्र दाखवलं. इस्माईलनं डोळे बारीक केले. "हा तं गोऱ्या साहेबाचा कट हाये. मांगून बारीक, समोरून थोडे ठेवाचे." त्यानं कंगव्यानं एकेक बट उचलून तीन दिवसांत अंगण कापलं. शेवटी सवयीनं पाणी मारलं, तळव्यानं थोपटलं आणि समोर आरसा धरला. मग कोणाला दाखवतोय हे लक्षात येऊन खाली केला. पण काम झकास झालं होतं, हे मुन्शींनाही कबूल करावं लागलं.

गावात कोणाचं चांगलं झालं की कचेरीत अर्ज येतो. तो आला. खाली सही 'एक हितचिंतक'. नकलनवीस उस्मान यांनी आबादीत हराळीचा पेरा केला असून त्यायोगे आसपासच्या वावरांस धोका आहे, सबब सदर हराळी सरकारातून उपटून टाकावी, असा मजकूर. अर्जाच्या चार प्रती हव्या होत्या. प्रती कोण करणार? मुन्शी.

त्यांनी केल्या. 'सदर इसमाचे डोके फिरले आहे' असं एक वाक्य त्यात होतं. मूळ अर्जात घाईनं एक मात्रा राहून 'डोक फिरले' झालं होतं. मुन्शींनी ती मात्रा चारही प्रतींत राहू दिली. शाई सांडली नाही. फक्त चौथी प्रत झाल्यावर त्यांनी पाणी मागितलं. तहसीलदारसाहेबांनी प्रती पाहिल्या आणि म्हणाले, "मुन्शी, अक्षर फार सुंदर आलंय." मग त्यांनी समक्ष पाहणीचा हुकूम काढून कागद गोविंदसिंग पटवाऱ्याकडे पाठवला.

म्हणजे आता अंगण पटवाऱ्याला दाखवण्यासारखं हवं होतं. पुस्तकात पुढचं प्रकरण तणांचं होतं. मास्तरांनी वाचलं, "तन हातानं काढा. मुयासकट काढा. एकबी काडी ठेवाल तं वरसभर पस्तावाल." हराळीत अधेमधे तांदुळजा, घोळ, चिवळ उगवली होती खरी. सुगराबी दोन दिवस कारंज्याला नणंदेकडे गेली होती. ती यायच्या आत अंगण साफ करून टाकावं, असं मुन्शींच्या मनानं घेतलं.

निंदणात पंचक्रोशीत एकच नाव होतं, तांड्यावरच्या रामीबाईचं. ती वावरातून गेली की मागं तणाचा मागमूस राहत नाही, अशी ख्याती. मुन्शींनी तिला बोलावलं आणि पुस्तकातला मजकूर जसाच्या तसा सांगितला. "बाई, अंगनातलं तन मुयासकट काढ. एक काडी ठेवू नको." आणि ते कचेरीत गेले.

संध्याकाळी परत आले, तर अंगणात काळीभोर माती होती. हातभर खोल खणलेली, ढेकळं फोडलेली. मधोमध रामीबाई कमरेवर हात ठेवून उभी. भिंतीवर हराळीचा ढीग. आणि मातीत, एकही पान न मोडलेली, ओळीनं ताजी टवटवीत तांदुळजा, घोळ आणि चिवळ.

"मुन्शीजी!" रामीबाई म्हणाली. "तुमच्या घरात हरायी घुसली होती, सारं अंगन खाऊन टाकलं होतं! तुमाले कोनी सांगतलं नाई? पन आता फिकर करू नका. एक काशी ठेवली नाई. भाजी तेवढी सोडली. दोन दिस खुशाल खा."

मुन्शींनी ढिगातली एक काशी उचलून पाहिली. बाईचं काय चुकलं होतं? वऱ्हाडात तण म्हटलं की पहिली हराळी. बाकी सगळी भाजी. सांगितलेल्या शब्दातलं एक अक्षर तिनं गाळलं नव्हतं. एवढ्या मोठ्या अंगणातून हातानं, काशी न् काशी! त्या दुःखातही मुन्शींना तिच्या कामाचा अचंबा वाटला. ते घशातल्या घशात म्हणाले, "बाई, अक्षर लय सुंदर हाये."

रामीबाईला काही कळलं नाही, पण तिनं पदर डोक्यावर घेतला आणि खूश होऊन गेली.

दुसऱ्या दिवशी सुगराबी आली. दारात थांबली. मुन्शी खाली मान घालून उभे राहिले. ती मातीकडे पाहत म्हणाली, "बरं झालं. सांडगे वायवाले जागा झाली." त्यात टोमणा नव्हता. म्हणूनच मुन्शींना रात्रभर झोप लागली नाही. अजमेर गेलं, तोडे गेले, खोली गेली, आता हेही त्याच यादीत गेलं.

आणि त्याच पहाटे झड लागली.

झड म्हणजे धो धो पाऊस नाही. आठ-आठ दिवस न थांबता बुरबुर पडत राहतं, सूर्य रजेवर जातो, काड्याची पेटी सादळते, चुली धुपतात आणि माणसं पोती पांघरून घरात बसतात. तिसऱ्या दिवशी मोहनसिंग मास्तर छत्री घेऊन आले. दोघं ओसरीवर शाल घेऊन बसले. अंगणावर धुकं उतरलं होतं. समोरच्या भिंतीवर हिरवं शेवाळ धरलं होतं, खरंखुरं. मास्तरांनी सहज पुस्तकाचं पहिलं पान उघडलं, वाचलं आणि बाहेर पाहिलं.

"मुन्शीजी, पुस्तक आता लागू झालं."

मुन्शींनी उठून भिंतीवरच्या शेवाळाला बोट लावून पाहिलं. आणि परत बसताना त्यांची नजर मातीकडे गेली.

मातीत एक हिरवं टोक होतं. मग त्यापलीकडे दुसरं. मग पाहावं तिथं. रामीबाईनं काशी न् काशी काढली होती हे खरं, पण खणताना तुटलेली कांड्यांची बारीक पेरं खाली राहिली होती, आणि हराळीला तेवढं पुरतं. मऊ भुसभुशीत माती, वरून झड, ऊन नाही. आणखी काय हवं? पाचव्या दिवशी मातीवर हिरव्या रेघा आल्या. आठव्या दिवशी माती दिसेनाशी झाली. भिंतीवरच्या ढिगालासुद्धा पालवी फुटली होती. मुन्शी कचेरीत जायचं विसरून पाहत बसले. हिला उपटलं, खणलं, हिच्याविरुद्ध चार प्रतींत अर्ज झाला, आणि ही आपली पुन्हा हजर. आपणहून. कोणी बोलावलं नव्हतं.

बातमी इस्माईलमार्फत तांड्यावर गेली. रामीबाई पोत्याची खोळ घेऊन, हातात खुरपं घेऊन चिखल तुडवत आली. तिचा चेहरा उतरला होता.

"मुन्शीजी, माही इज्जत गेली. तीस वरसात माह्या हातची हरायी कदी परत आली नाई. सरका, फुकटात काढून देतो."

मुन्शी दारात आडवे झाले. "नाई बाई. ही मले पायजे."

"हरायी पायजे?"

"पायजे. मीच लावली होती."

रामीबाईनं सुगराबीकडे पाहिलं. घरच्या माणसांना हे माहीत आहे का, हकीमाला दाखवलं का, असं सगळं त्या पाहण्यात होतं. ती गेली, पण "उद्या येऊन पाह्यतो" म्हणून गेली, आणि त्या बोलण्यानं मुन्शींची झोप पुन्हा उडाली.

पुन्हा असा घोटाळा नको म्हणून त्यांनी पक्का बंदोबस्त केला. पुस्तकात शेवटी एक चित्र होतं. भलीमोठी हिरवळ आणि तिच्या कडेला एक पाटी, पाटीवर चार इंग्रजी शब्द : कीप ऑफ द ग्रास. मास्तर सासुरवाडीला गेलेले. पण मुन्शींना आता इंग्रजी थोडं कळायला लागलं होतं, हीच भानगड झाली. 'ग्रास' म्हणजे गवत, हे त्यांनी मास्तरांकडून ऐकलं होतं. आणि साहेब फायलीवर 'कीप' लिहितो तेव्हा तो कागद ठेवायचा असतो, फाडायचा नसतो. तेव्हा मजकूर उघड होता : गवत ठेवा. त्यांनी एका फळीवर चुन्यानं ते चार शब्द जसेच्या तसे उतरवले, वळणासकट, आणि फळी अंगणाच्या तोंडाशी ठोकली. गल्लीत ती वाचता येणारा एकही माणूस हजर नव्हता. मुन्शींना फार हायसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी गणपतीची आदली दुपार. गोविंदसिंग पटवारी दफ्तर काखेत घेऊन आला. अंगणाला फेरी मारली, पाटीला आदरानं वळसा घातला आणि ओसरीवर बसून नमुना उघडला.

"पिकाचं नाव?"

"हरायी."

"हरायी पीक नाई, मुन्शीजी. तन हाये. तनाचा रकानाच नाई. तन असन तं उपटून टाकाचा शेरा लिवा लागते मले."

"गोविंदसिंग, एक दिवस थांब. उद्या लिव."

"हुकूम आजचा हाये." त्यानं टाक दौतीत बुडवला. मुन्शींनी ओसरीचा खांब धरला. आत सुगराबी दाराआड उभी होती, तिच्या बांगड्यांचा आवाज थांबला. इतक्यात पटवाऱ्याचा हात थबकला. तो गवताकडे टक लावून पाहू लागला.

"मुन्शीजी, मले बायकोनं बजावलं हाये, दुर्वाइशिवाय घरी येऊ नका. सारं शिवार पाह्यलं, निंदून साफ केलेलं, नाई तं चिखलात लोयलेलं." तो खाली वाकला. "अन ह्या तं काय दुर्वा हायेत! तीन-तीन पात्याइच्या. धुतल्यासारख्या."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. हराळी आणि दूर्वा एकच, हे वऱ्हाडातलं शेंबडं पोर जाणतं. पण वावरात तिला शिव्या देतात आणि देवघरात तिला डोक्यावर ठेवतात, हे दोन कागद आजवर कोणी एका फायलीत लावले नव्हते. गोविंदसिंगनं घसा खाकरला आणि मोठ्यानं म्हणत लिहिलं, "समक्ष पाहणी केली. सदर जागेत हराळी आढळून आली नाही. दूर्वा आढळल्या. दूर्वा पूजेच्या असल्याने उपटण्याची जरुरी नाही. अर्ज निकालात काढावा."

मुन्शी म्हणाले, "नकला मी करून देतो. चार नाई, आठ देतो."

पटवारी एकवीस जुड्या घेऊन गेला. ऊन नव्हतं, पाऊस नुकताच थांबला होता. गवतावर पाणी उभं होतं. मुन्शींनी आत जाऊन सुगराबीला हाक मारली. "चाल. गनपती उद्या बसून राह्यले. आज माहा शब्द पुरा होते."

सुगराबी आली. पायातल्या वहाणा काढल्या. अंगणाच्या तोंडाशी आली आणि थांबली. मुन्शी वाट पाहत राहिले. ती एक पाऊल पुढं टाकेना.

"जा ना."

"अजी," ती म्हणाली, "ही पाटी कुठून आनली?"

"पुस्तकातून. गवत ठेवा, असं लिवलं हाये."

सुगराबी हसायला लागली. फाल्गुनापासून ती हसली नव्हती. हसता हसता तिनं पदर डोळ्यांना लावला आणि तो बराच वेळ खाली घेतला नाही.

"मले वाचता येत नाई, पन ही पाटी मी ओयखतो. अब्बाच्या बंगल्यावर होती. अशीच, हेच अक्षरं. मी चार वरसाची असन. गवतावर पाय टाकाले गेलो, तं अब्बानं मांग वढलं अन गालात मारली. जिंदगीत ती एकच. अन मंग सोताच रडले. म्हने, बेटी, त्या पाटीवर लिवलं हाये, इथी पाय ठेवाचा नाई."

मुन्शी पाटीकडे पाहत राहिले. आपल्याच हातची अक्षरं, वळण निर्दोष. "मंग तू तिथी चालली..."

"कदीच नाई. अब्बानं तीस वरसं ते गवत कापलं. कामापुरते जाचे. पन चालून त्याइनबी नाई पाह्यलं."

'एकदा तरी' असं ती त्या सकाळी म्हणाली होती. मुन्शींनी 'पुन्हा एकदा' असं ऐकलं होतं. बावीस वर्षांत त्यांच्या हातून झालेली ती एकच चुकीची नकल, आणि ती घरातच झाली होती. मूळ कागदातलं एक अक्षर त्यांनी जन्मात कधी गाळलं नव्हतं. ते पुढं झाले, दोन्ही हातांनी फळी धरली, हलवली आणि ओढली. ती निघेना. इतक्यात फाटकातून रामीबाई आली, 'उद्या येऊन पाह्यतो' म्हणाली होती ती. तिनं क्षणभर पाहिलं, काही न विचारता खुरपं खोचून फळीचा बुंधा मोकळा केला आणि म्हणाली, "मुयासकट काढा, मुन्शीजी. नाई तं परत येते." फळी निघाली.

सुगराबीनं उजवा पाय उचलला आणि गवतावर ठेवला. मग डावा. ती हळूहळू भिंतीपर्यंत गेली, भिंतीला हात लावला, वळली. ओल्या हिरव्या गवतात तिची पावलं उमटली होती, आणि पाहता पाहता पाती पुन्हा उभी राहत होती. रामीबाई तोंडावर हात ठेवून पाहत होती. जिच्या मागं तीस वर्षं आपण खुरपं घेऊन लागलो, ती हीच का, असं तिला वाटलं असावं. भिंतीपलीकडून इस्माईलचं डोकं वर आलं होतं आणि हातातला वस्तरा तसाच उघडा होता.

"गार हाये," सुगराबी म्हणाली. "लय गार हाये."

मुन्शी हातात फळी धरून काठावरच उभे होते. ती अंगणाच्या मधोमध थांबली आणि तिथून म्हणाली, "या ना तुमीबी. आता पाटी नाई."

मुन्शींनी फळी रामीबाईच्या हातात दिली आणि जोडे काढले.